तीन स्केच, एक प्लेट: फ्रीकॅडमधून लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ काढताना

प्रश्न थोडक्यात असा. गुऱ्हाळाच्या चरकाला १० एचपीची मोटर बसवायची आहे आणि तिची बेसप्लेट फ्रीकॅड या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये काढली आहे. बाहेरची कडा एका स्केचमध्ये, मोटरचे स्लॉट दुसऱ्यात, चॅनलवर प्लेट आवळायची होल तिसऱ्यात. तिन्ही स्केच मर्ज केली, डीएक्सएफ (लेझर मशीन वाचते ती ड्रॉइंगची फाईल) काढले आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझरवर दिले. तिथे प्लेट आधी साडेदहा मीटर लांब उघडली. माप सरळ केल्यावर 'कंटूर ओपन हाय' (कापायची वाट बंद नाही) म्हणून मशीनने घेतली नाही. आणि नीट बघितले तर स्लॉट १५ मिमी सरकलेले. चूक कुठे झाली?

चुका तीन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून एकच उपाय शोधत बसू नका. पण त्याआधी एक गोष्ट: नुसत्या कटिंगसाठी ही स्केच मर्ज करायची गरजच नव्हती. झाडात (फाईलमधल्या वस्तूंच्या यादीत) तिन्ही स्केच कंट्रोल दाबून निवडायची, फाईल मेन्यूतून एक्स्पोर्ट, प्रकार 'ऑटोडेस्क डीएक्सएफ टूडी', झाले. तिन्हींच्या रेषा एकाच फाईलमध्ये उतरतात. स्केच वेगळी राहिली तर उद्या मोटरची फ्रेम (अंगाचे ठरलेले माप) बदलल्यावर फक्त स्लॉटचे स्केच उघडावे लागते, बाकीला हात लावावा लागत नाही.

'एकत्र करणे' या एका शब्दाखाली तीन वेगळी कामे येतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिले काम: सगळ्या रेषा एका फाईलमध्ये घालणे. दुसरे: सगळ्या रेषा एका स्केचमध्ये आणणे, म्हणजे त्यावरून एकच पॅड (स्केचला जाडी देऊन झालेला घन) काढता येईल. तिसरे: दोन आकार एकमेकांत मिसळून त्यांची एकच बाहेरची कडा बनवणे. लेझरला बहुतेक वेळा पहिलेच लागते. मर्ज हे दुसरे काम करते. तिसरे मर्जने होत नाही, आणि नेमके तेच व्हावे अशी अपेक्षा धरून लोक मर्ज दाबतात.

पुढचे सगळे याच प्लेटवर बोलू, म्हणजे आकडे समोर राहतील. १० एचपी, चार पोल मोटर साधारणपणे १३२एम फ्रेममध्ये येते. तिच्या पायांच्या होलचे अंतर शाफ्टला आडवे २१६ मिमी, शाफ्टच्या दिशेने १७८ मिमी, होल १२ मिमी, बोल्ट एम१०. पट्टा ताणायला मोटर शाफ्टला आडवी सरकली पाहिजे, म्हणून स्लॉट २१६च्या दिशेने लांब: रुंदी १२, दोन टोकांच्या केंद्रांत ४० मिमी. प्लेट ४२० गुणिले ३२०, कोपरे आर२० (त्रिज्या २० मिमी), जाडी १२ मिमी एमएस, म्हणजे साधे पोलाद. चॅनलची चार होल १८ मिमीची, एम१६ बोल्टसाठी, मधल्या बिंदूपासून आडवी १८० आणि उभी १३० वर. पुली ओळीत यावी म्हणून मोटरचा मध्य प्लेटच्या मध्यापासून उभा १५ मिमी वर.

स्लॉट का सरकले

हा १५चा आकडाच इथे सगळे सांगून जातो. स्लॉटचे स्केच स्वतःच्या शून्याभोवती काढले असणार आणि १५ मिमीचे सरकणे 'अटॅचमेंट ऑफसेट'मध्ये किंवा प्लेसमेंटमध्ये टाकले असणार. स्क्रीनवर सगळे जागेवर दिसते. पण मर्ज करताना फ्रीकॅड प्रत्येक स्केचच्या आतले आकडे जसेच्या तसे उचलते. त्या स्केचला बाहेरून दिलेली जागा ते हिशेबात धरत नाही. नव्या स्केचला जागा मिळते ती तुम्ही सगळ्यात आधी निवडलेल्या स्केचची. म्हणून कडा आधी निवडली तर स्लॉट १५ खाली येतात. स्लॉट आधी निवडले तर अख्खी प्लेट १५ वर जाते आणि स्लॉट तरीही तिच्या मध्यावरच बसतात. निवडीचा क्रम बदलून हे सुटत नाही.

उपाय साधा आहे. ऑफसेट शून्य करा आणि १५ मिमी स्केचच्या आत, शून्यबिंदूपासून उभ्या अंतराचा कॉन्स्ट्रेंट (रेषांना घातलेले मापाचे किंवा जोडाचे बंधन) म्हणून द्या. तीन स्केच असोत की दहा, सगळ्यांचा शून्य एकच आणि सगळी एक्सवाय पातळीवर. बॉडीची, म्हणजे ही स्केच ज्या भागात आहेत त्याची, स्वतःची प्लेसमेंटही शून्यावर ठेवा, कारण आतले स्केच एकटे निवडून बाहेर काढताना बॉडीचे सरकणे त्याच्यासोबत जाईलच असे धरून चालू नये.

स्केच एक्सझेड पातळीवर काढलेले असेल तर डीएक्सएफमध्ये आकाराची नुसती एक रेघ येऊ शकते, किंवा गोल भलतीकडेच जातात. पार्ट वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे फ्रीकॅडमधला साधनांचा एक गट) 'क्रिएट सिंपल कॉपी' करा, त्या कॉपीची प्लेसमेंट बदलून ती एक्सवायवर आडवी पाडा आणि कॉपी एक्स्पोर्ट करा. मूळ स्केच हलवू नका, त्यावरचे पॅड हलतील. आडवे पाडताना आरसा होऊ देऊ नका. ही बेसप्लेट डाव्या-उजव्या बाजूला सारखी असल्याने तिला आरशाने फरक पडणार नाही, पण ब्रॅकेट असेल तर उलट हाताचा पीस कापून येतो, आणि ते कळते थेट बेंडिंगला बसवताना.

मर्ज करायचेच असेल तर

एकच पॅड हवे असेल तेव्हा मर्ज रास्त आहे. स्केच निवडा, स्केच मेन्यूतून 'मर्ज स्केचेस'. नवे स्केच तयार होते, जुनी तशीच राहतात. इथे चार गोष्टी लक्षात ठेवा. नवे स्केच जुन्यांना जोडलेले नसते; मूळ स्लॉट १२चा १४ केला तरी मर्जमध्ये १२च राहतो. ते बॉडीच्या बाहेर, झाडाच्या मुळाशी पडते, ते ओढून बॉडीत न्यावे लागते. ते कुठल्या पातळीला किंवा फेसला (घनाच्या सपाट बाजूला) अटॅच नसते. आणि बाहेरच्या भूमितीला, म्हणजे घनाच्या कडेवरून उचललेल्या संदर्भरेषांना बांधलेले कॉन्स्ट्रेंट मर्जमध्ये भरवशाचे राहत नाहीत. मर्ज झाल्यावर ते एकेक तपासा, नाहीतर मर्जच्या आधीच त्या जागी साधी मापे द्या.

दुवा ठेवायचा असेल तर मर्जऐवजी 'कार्बन कॉपी' घ्या. कडेचे स्केच एडिटमध्ये उघडा, कार्बन कॉपीचे बटण दाबा आणि स्लॉटच्या स्केचच्या कुठल्याही एका रेषेवर क्लिक करा. रेषा आणि कॉन्स्ट्रेंट दोन्ही आत येतात, आणि मापे मूळ स्केचच्या मापांना एक्स्प्रेशनने बांधलेली राहतात. मूळ बदलले की इथेही बदलते. नुसत्या क्लिकला दाद मिळाली नाही, म्हणजे दोन्ही स्केचचे अक्ष जुळत नसतील, तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून क्लिक करा. पण मग रेषा कुठे येऊन पडल्या ते डोळ्यांनी बघा. बटण दाबताना कन्स्ट्रक्शन मोड (फक्त आधाराच्या रेषा काढायची सोय) चालू नाही ना, एवढे पाहा. चालू असेल तर सगळ्या रेषा कन्स्ट्रक्शन म्हणून येतात, आणि कन्स्ट्रक्शन रेषा पॅडमध्येही येत नाहीत आणि डीएक्सएफमध्येही जात नाहीत. 'स्क्रीनवर दिसतंय, फाईलमध्ये नाही' ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. उलट हीच गोष्ट सोयीचीही आहे: सेंटरलाईन, मोटरच्या पायाचा आराखडा, पुलीची ओळ सगळे कन्स्ट्रक्शनमध्ये बिनधास्त ठेवा, लेझरवाल्याकडे ते जात नाही.

तिसऱ्या प्रकारचे एकत्रीकरण, म्हणजे प्लेटला बाजूला कान जोडायचा आहे आणि दोघांची मिळून एकच कडा हवी आहे. मर्जने दोन कागद एकमेकांवर ठेवल्यासारखे होते: कानाची रेघ प्लेटच्या आत तशीच राहते आणि लेझर ती कापून टाकतो. एक मार्ग स्केचरमधले 'ट्रिम' वापरून आतल्या रेघा खुडण्याचा. आकार छोटा असेल तर तोच बरा, फक्त ट्रिममुळे काही कॉन्स्ट्रेंट उडतात, ते परत द्यावे लागतात. दुसरा मार्ग: ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये 'अपग्रेड' करून दोन्ही स्केचचे फेस बनवा, पार्टमध्ये 'युनियन' करा आणि त्यावर 'रिफाइन शेप' चालवा. रिफाइन विसरलात तर जोडाची रेघ तशीच दिसत राहते. नंतर 'ड्राफ्ट टू स्केच'ने त्याचे परत स्केच करता येते.

कंटूर ओपन

मशीनच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक आकार बंद लागतो, कारण आत काय आणि बाहेर काय हे त्याला बंद वाटेवरूनच कळते. लेझरच्या झोताची रुंदी ते होलला आतल्या बाजूला आणि कडेला बाहेरच्या बाजूला भरून काढतो. वाट उघडी असेल तर आत-बाहेर ठरत नाही. (याच कारणाने केर्फचा, म्हणजे झोताच्या या रुंदीचा, हिशेब तुम्ही ड्रॉइंगमध्ये धरायचा नाही. १८चे होल १८च काढा. भरपाई दोघांनी केली तर ती दुप्पट होते आणि होल लहान पडते.)

गोल आणि स्लॉट सहसा बंदच असतात. या प्लेटमध्ये संशयित आहे बाहेरची कडा: चार रेघा, चार कंस, आठ जोड. कोपऱ्यातला कंस हाताने काढून रेघेला 'टँजंट' (स्पर्श) दिला पण टोके 'कोइन्सिडंट' (एका बिंदूवर) केली नाहीत, असा एक जोड तरी असतो. अंतर ०.०२ मिमी असले तर कितीही झूम केले तरी चटकन दिसत नाही. डोळ्यांनी शोधत बसू नका. स्केच बंद करून, झाडात निवडून, 'व्हॅलिडेट स्केच' उघडा. त्यात उघडी टोके ठळक दाखवायचे बटण आहे, ते दाबले की त्या जागी खुणा येतात. वरच्या भागात टॉलरन्स (किती अंतरापर्यंतची टोके एक धरायची) निवडून 'फाइंड' आणि 'फिक्स'. टॉलरन्स आधी बारीक ठेवा आणि सापडले नाही तरच वाढवत न्या. एकदम मोठा ठेवला तर जवळजवळची पण वेगळी असलेली टोके चिकटतात आणि बारीक खाच नाहीशी होते.

कंटूर ओपनचे दुसरे सोंग म्हणजे दुहेरी रेघ. दोन स्केचमध्ये कडेची तीच रेघ संदर्भ म्हणून काढली असेल, आणि ती कन्स्ट्रक्शन करायची राहिली असेल, तर मर्ज झाल्यावर एकावर एक दोन रेघा बसतात. जोड शोधणारे सॉफ्टवेअर एका टोकाशी तीन वाटा बघते आणि थांबते. काही सॉफ्टवेअर थांबत नाहीत, दोनदा कापतात. दुसऱ्या फेरीत कड जळते. दुहेरी रेघेचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे स्केचऐवजी पॅड किंवा बॉडी निवडून एक्स्पोर्ट करणे. १२ मिमीच्या घनाची वरची कड आणि खालची कड दोन्ही उतरतात आणि वरून बघताना एकच दिसते. घनावरूनच फाईल काढायची असेल तर वरचा फेस निवडून 'फेसबाइंडर' बनवा आणि तो एक्स्पोर्ट करा.

ऑटोकॅड हाताशी असेल तर ही साफसफाई तिथे पटकन होते. दुहेरी रेघांना 'ओव्हरकिल'. जोडायला 'पीएडिट', मग 'मल्टिपल', सगळे निवडून 'जॉइन', आणि फझ डिस्टन्स (किती अंतरापर्यंतची टोके जोडायची) फटीपेक्षा थोडा जास्त. पॉलिलाईन (सलग जोडलेली एकच रेघ) झाली की तिच्या गुणधर्मांत 'क्लोज्ड' येस आहे का ते वाचा. एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात आणताना साध्या पेस्टऐवजी 'पेस्टओरिग' वापरा, म्हणजे मूळ निर्देशांकावरच बसते. साध्या पेस्टने नजरेने ठेवलेले स्लॉट ०.३ मिमी इकडेतिकडे होतात आणि मग मोटरचा चौथा बोल्ट बसत नाही.

साडेदहा मीटर

४२० गुणिले २५.४ म्हणजे १०,६६८. तुमची फाईल मिलिमीटरमध्ये होती, उघडणाऱ्याने ती इंच समजून घेतली. उलटे झाले असते तर प्लेट साडेसोळा मिमीची दिसली असती. डीएक्सएफमध्ये आकडे नुसते आकडे असतात. एकक हे शीर्षभागात वेगळे लिहिलेले असते, आणि तेही प्रत्येक फाईलमध्ये नसते.

फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. मजकुराचीच फाईल आहे, काही मोडत नाही. शोधा: डॉलरचे चिन्ह आणि त्याला लागून 'आयएनएसयुनिट्स', अर्थात रोमन लिपीत. त्याच्या खालच्या ओळीत ७० आणि त्याखाली एक आकडा. ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच, ५ सेंटिमीटर, ६ मीटर, आणि ० म्हणजे एकक नाही. ० असेल किंवा तो शब्दच सापडला नाही, तर उघडणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या सेटिंगप्रमाणे धरते. जुन्या आर१२ प्रकारच्या डीएक्सएफमध्ये ही ओळ नसतेच, म्हणून एकाच फाईलचे शिरोलीत एक माप आणि गोकुळ शिरगावात दुसरे माप निघू शकते, आणि त्यात दोघांचीही चूक नसते.

आता खाली जाऊन 'सर्कल' शब्द शोधा. त्याच्याखाली जोडीजोडीने ओळी आहेत: एक खुणेचा आकडा, त्याखाली त्याची किंमत. ८ खाली लेयरचे नाव. १० खाली केंद्राचा एक्स, २० खाली वाय, ४० खाली त्रिज्या. या प्लेटच्या उजव्या वरच्या होलला १० खाली १८०, २० खाली १३० आणि ४० खाली ९ आले पाहिजे. तसे आले तर भूमिती मिलिमीटरमध्ये आहे, लेझरवाल्याला 'मिमीमध्ये इम्पोर्ट करा' एवढे सांगितले की काम झाले. पण त्रिज्येच्या जागी ०.३५४ आणि एक्सच्या जागी ७.०८७ दिसले तर आकडेच इंचात गेले आहेत. तेव्हा शीर्षभागातला १ पुसून ४ करून काहीही सुटणार नाही, उलट चुकीवर बरोबरचे लेबल लागेल. परत एक्स्पोर्ट करा, नाहीतर २५.४ ने स्केल करा.

एसव्हीजीतून (इंकस्केपसारख्या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरच्या फाईलमधून) आलेल्या आकाराला वेगळाच रोग असतो. इंकस्केप ०.९२ आवृत्तीपासून एका इंचात ९६ पिक्सेल धरते, त्याआधी ९० धरायचे. जुनी फाईल नव्या ठिकाणी उघडली की १०० मिमीची रेघ ९३.७५ होते, किंवा उलट १०६.६७. माप 'थोडेसेच' चुकलेले असल्याने हे जास्त घातक. साडेदहा मीटरची प्लेट कुणीही कापत नाही. सहा टक्के लहान प्लेट मात्र कापून येते.

वळणे आणि स्प्लाइन

या बेसप्लेटमध्ये स्प्लाइन (मुक्त वळणाची रेघ) नाही, रेघा, कंस आणि गोल एवढेच आहे, आणि यंत्राच्या भागांत तसेच असावे. पण कोल्हापुरी चपलेच्या तळाचा साचा किंवा जाळीची नक्षी असेल तर बी-स्प्लाइन येते. आर१२ डीएक्सएफला स्प्लाइन आणि इलिप्स माहीतच नाहीत, त्यामुळे त्यांचे छोट्या सरळ तुकड्यांत रूपांतर होते. फ्रीकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये, इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या डीएक्सएफ पानावर, जुन्या पायथन एक्स्पोर्टरसाठी तुकड्याची कमाल लांबी द्यायची जागा आहे. तिथे ५ मिमी असेल तर २५ मिमी त्रिज्येच्या वळणावर तुकडा खऱ्या वळणापासून किती आत जातो? लांबीचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या: २५ भागिले २००, म्हणजे ०.१२५ मिमी. कड बोटाला खरखरीत लागते, बारकाईने पाहिले तर पैलू दिसतात. १ मिमी केले तर हाच फरक ०.००५ मिमी होतो. त्याहून बारीक करू नका. हजारो सूक्ष्म तुकड्यांवर मशीन अडखळत चालते आणि जाड पत्र्यात प्रत्येक अडखळीला उष्णता साचते. त्यापेक्षा वळण मुळातच एकमेकांना टँजंट असलेल्या तीन-चार कंसांत काढलेले उत्तम. चपलेचा तळ तसा सहज बसतो.

लेयर, टॅपिंग आणि अक्षरे

कापायचे एका लेयरवर, खुणा दुसऱ्यावर. मापे, टायटल ब्लॉक, चौकट यातले काहीही कटिंगच्या फाईलमध्ये नको. त्यासाठी टेकड्रॉमधून (फ्रीकॅडच्या मापांसह कागदी ड्रॉइंग काढायच्या वर्कबेंचमधून) वेगळी पीडीएफ द्या. टेकड्रॉचे अख्खे पानच डीएक्सएफ करून पाठवू नका, पानावरचा व्ह्यू एकास दोन स्केलवर असेल तर प्लेट अर्ध्या मापाची जाते. लेयरची नावे रोमन लिपीत, छोटी, जागा न सोडता. देवनागरी नाव जुन्या मशीनवर प्रश्नचिन्हांची माळ होऊन उघडते. एक्स्पोर्ट झाल्यावर फाईल लिब्रेकॅडमध्ये (मोफत टूडी ड्रॉइंग सॉफ्टवेअर) उघडून लेयर बघा आणि तिथेच रंग द्या. लाल कापायला, पिवळा खुणेला, असे काय ते दुकानदाराला आधी विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत वेगळी.

प्लेटमध्ये आटे पाडायचे होल असेल, समजा एम१०, तर त्याचे ड्रिल ८.५. १२ मिमी जाड प्लेटमध्ये जाडीपेक्षा लहान होल लेझरने नीट येत नाही: वर गोल, खाली वाकडे, आणि कड तापून कडक झाल्याने टॅप मोडतो. तिथे खुणेच्या लेयरवर २ मिमीचा छोटा गोल किंवा अधिकचे चिन्ह द्या आणि ड्रिलिंग नंतर करा. १२ मिमीचे स्लॉट १२ मिमी प्लेटमध्ये सीमेवर आहेत, लेझरवर चालतात. प्लाझ्मावर देणार असाल तर स्लॉट खाली निमुळते होतील हे धरून १३ करा.

प्लेटवर देवनागरी नाव कापायचे असेल तर फ्रीकॅडच्या 'शेपस्ट्रिंग'च्या नादी लागू नका. ते अक्षरे एकामागून एक नुसती मांडते, जोडाक्षरे जुळवत नाही. 'ऱ्हस्व वेलांटी' अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, 'ल्हा' फुटतो. इंकस्केपमध्ये लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि मग बाहेर काढा. अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात, म्हणून पाथचे 'युनियन' केल्याशिवाय शिरोरेघेत उभ्या काटछाटी दिसतील. आणि आरपार कापणार असाल तर 'कोल्हापूर'मधल्या 'क'चे पोट आणि 'प'चे पोट खाली गळून पडेल, कारण ते चारी बाजूंनी बंद आहे. त्याला २ ते ३ मिमीचे पूल ठेवा. लाकडी साच्यावर अक्षरे लावणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना हा प्रश्न येत नाही, पत्रा कापणाऱ्यांना येतो.

फाईल पाठवण्याआधी

तीन आकडे काढून ठेवा आणि लेझरवाल्याच्या कोटेशनशी ताडून पाहा. या प्लेटची कटिंगची लांबी: बाहेरची कडा १,४४६ मिमी, चार होल २२६, चार स्लॉट ४७१, मिळून २.१४ मीटर. पिअर्सिंग (कापणे सुरू करायला झोताने पत्रा भेदायच्या जागा) नऊ: चार होल, चार स्लॉट, एक कडा. वजन होल वजा जाता साधारण १२.३ किलो. कोटेशनमध्ये लांबी ४.२८ मीटर दिसली तर दुहेरी रेघ अजून आहे. पिअर्सिंग नऊऐवजी सतरा-अठरा दिसले तर कुठेतरी कंटूर तुटलेला आहे. ही पडताळणी दोन मिनिटांची, आणि स्क्रीनवर झूम करत बसण्यापेक्षा कितीतरी खात्रीची.

फाईलच्या नावात जाडी, मटेरियल आणि नग लिहा. व्हॉट्सॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच जोडा, सोबत मापांची पीडीएफ. स्क्रीनशॉटवरून मापे घेऊन कुणी नवे ड्रॉइंग काढायला लागले तर वरची सगळी मेहनत वाया.

आणि मोटर जवळ आहेच, तर एवढे करा. चारही स्लॉटचा पसारा २६८ गुणिले १९० मिमी आहे, म्हणजे आडव्या ए४ कागदावर मावतो. टेकड्रॉमध्ये ए४ पान, स्केल १, फक्त स्लॉटचे स्केच आणि शेजारी १०० मिमीची एक रेघ. प्रिंट करताना 'फिट टू पेज' बंद, 'अ‍ॅक्चुअल साइज' चालू. आधी स्टीलच्या पट्टीने ती १०० मिमीची रेघ मोजा. ९७ भरली तर प्रिंटरने आकार दाबला आहे, कागद टाकून द्या. बरोबर भरली तर कागद मोटरखाली सारा, पायांच्या चारही होलमधून खाली बघा. प्रत्येक होलमधून स्लॉटच्या दोन्ही कडा दिसल्या आणि मोटर २० मिमी इकडे, २० मिमी तिकडे सरकवल्यावरही दिसत राहिल्या, की डीएक्सएफ पाठवा.